लंडनचं पार्सल, कळसाडीचा फाटा

खरं पार्सल कसं येतं ते आधी सांगतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात तुम्ही चपलांचा एक जोड ऑनलाइन मागवला, तर जोडाच्या आधी फोन येतो. कुरिअरचा पोरगा घाईत असतो. "भाऊ, कळसाडीला कोणत्या फाट्यावरून वळू?" मग फाटा सांगायचा, फाट्यानंतरचं वळण सांगायचं, घराच्या अलीकडे कुणाचा ट्रॅक्टर उभा असतो ते सांगायचं. ट्रॅक्टर नेमका त्या दिवशी शेतात गेलेला असतो. पोऱ्या पुन्हा फोन करतो. मग तुम्ही रस्त्यावर येऊन उभे राहता आणि हात हलवता. हा सगळा प्रकार नको असेल तर तो प्रेमाने सुचवतो, "तालुक्याला आलात की घेऊनच जा ना, भाऊ." जोड घरात येईस्तोवर तो केवढ्याला पडला, कुणासाठी आहे आणि पायात बसला नाही तर परत कसा करायचा, याची चर्चा गल्लीत होऊन गेलेली असते.

आता दुसरं पार्सल बघा. हे लंडनहून निघतं. त्यात आयफोन असतो, सोन्याची साखळी असते, अत्तर, पर्स, घड्याळ आणि तळाशी पौंडाच्या नोटांची गड्डी असते. ते समुद्र ओलांडतं, वाळवंटं ओलांडतं आणि दिल्लीच्या विमानतळावर येऊन अडकतं. या अख्ख्या प्रवासात पाठवणारा, कुरिअरवाला किंवा कस्टमची मॅडम, एकही माणूस एकदाही विचारत नाही की कळसाडीला कोणत्या फाट्यावरून वळायचं. मला विचाराल तर पहिली शंका इथंच यायला हवी. चपलांचा जोड आणणारा तीनदा रस्ता विचारतो आणि सोनं आणणाऱ्याला तो पाठ असतो, हे काही पटत नाही.

या पार्सलांचे धनी ठरलेले असतात. एक असतो लंडनचा डॉक्टर. मोठ्या हॉस्पिटलात हृदयाची ऑपरेशनं करतो, पण सकाळी सातपासून रात्री बारापर्यंत चॅटिंगला मोकळा. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरला दोन मिनिटं गाठायचं तर पहाटे नंबर लावावा लागतो, आणि तो फक्त सर्दी-खोकला बघतो. दुसरा जहाजावरचा इंजिनिअर. भर समुद्रात असतो, तिथं व्हिडिओ कॉलला रेंज नसते, गुलाबाच्या फुलांना मात्र असते. तिसरा अमेरिकन सैन्यातला अधिकारी. त्याचा कॅमेरा देशाच्या सुरक्षेसाठी बंद. तिघेही विधुर, तिघांनाही एकेकच मुलगी, आणि ती मुलगी एका चित्रातून तुम्हाला "मॉम" म्हणायला उतावीळ. फोटो अर्थात चोरलेले. ज्याचा चेहरा वापरलाय तो बिचारा खरोखरीचा सैनिक किंवा डॉक्टर कुठंतरी आपल्या बायकोबरोबर भाजी आणायला गेलेला असतो. आपलं कुठं कुठं जमलंय, याचा त्याला पत्ता नसतो.

पुरुषमंडळींनी हसू नये. त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती आहे. तिच्यात पंचविशीतली गोरी मुलगी असते, वडिलांची इस्टेट मिळालेली, भारतात गुंतवणूक करायची आहे आणि शेतीची फार आवड. ती पन्नाशीतल्या कास्तकाराला विचारते की यंदा कापसाला भाव काय मिळाला. खरं तर इथंच फोन ठेवायला पाहिजे. कापसाच्या भावाची एवढ्या काळजीने चौकशी आजवर कुठल्या सरकारने केलेली नाही.

पण या लोकांचं एक कसब मानावंच लागेल. त्यांचं इंग्रजी मोडकं असतं, भूगोल त्याहून मोडका, तरी एक प्रश्न ते न चुकता विचारतात. जेवलीस का? दुपारी एकला विचारतात, रात्री नऊला विचारतात. आता हा प्रश्न आपल्या घरात कोण कुणाला विचारतं ते आठवा. भाकरी थापणारी बाई सगळ्यांना विचारते. तिला कुणी विचारत नाही, कारण ती चुलीपाशीच आहे, जेवलीच असेल. वीस वर्षं कुणी विचारलं नाही ते एक परका माणूस रोज विचारतो. मग तिने त्याला उत्तर दिलं, दुसऱ्या दिवशी त्याने भाजी कोणती होती ते विचारलं, आणि तिने भाजीचा फोटो पाठवला, तर तिला अडाणी म्हणणाऱ्या शहाण्याने आधी आपल्या घरचं ताट कोण वाढतं ते बघावं. शेतात एकट्या राहणाऱ्या विधुराचं, मुलं सुरत-पुण्याला गेलेल्या मास्तरांचं, लग्न जमत नाही म्हणून चारचौघांत जायचं टाळणाऱ्या तिशीतल्या पोराचं असंच होतं. ठग त्यांना लुबाडतो हे खरंच, पण त्याआधी दोन-चार महिने तो त्यांच्याशी बोलतो. आपण बोलत नाही.

चांगली मशागत झाली की पार्सलाची पेरणी. एक दिवस फोटो येतो. उघडं खोकं, त्यात सगळा माल टेबलावर मांडल्यासारखा रचलेला. बांधण्याआधी आपण कधी असा फोटो काढतो का? दिवाळीचा फराळ मुंबईला पाठवताना डब्याचा फोटो काढणारी आत्या मी अजून पाहिलेली नाही. त्यापाठोपाठ कुरिअरची पावती येते, इंग्रजीतून, दोन-तीन शिक्के मारलेली. आणि तिसऱ्या दिवशी फोन. दिल्ली विमानतळाच्या कस्टममधून मॅडम बोलतात. हिंदी कडक, मागे माणसांचा गलका. तुमच्या नावाचं मौल्यवान पार्सल आलंय, ड्यूटी भरायची आहे, समजा पस्तीस हजार. भरले की कळतं, आत परदेशी चलन सापडलं, त्याचा दंड वेगळा. तो भरला की पैसा काळा नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र झालं की पौंडाचे रुपये करायची फी. मग आयकर. मग रिझर्व्ह बँकेची मंजुरी. आणि कुणी हात आखडला तर मॅडमचा सूर बदलतो. तुमच्या नावावर बेकायदा चलन आलंय, घरी पोलिस पाठवू. इतका वेळ लंडनचा डॉक्टर दुसऱ्या खिडकीत लिहीत असतो, "भर ना राणी, मी आलो की दुप्पट देईन."

काही वेळा पार्सलाऐवजी डॉक्टरच येतो. विमानातून उतरतो आणि मोठ्या रकमेच्या चेकसकट कस्टममध्ये अडकतो. मॅडम तीच असते.

माणसं कुठवर भरतात, याचा अंदाज यावा म्हणून पुण्यातलं प्रकरण सांगतो. ते 2021 मध्ये पोलिसांकडे आलं. साठीच्या घरातल्या, खासगी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एक बाई. आदल्या वर्षी, टाळेबंदीच्या दिवसांत, ब्रिटनमधल्या म्हणवणाऱ्या माणसाशी त्यांची समाजमाध्यमावर ओळख झाली. त्याने वाढदिवसाला आयफोन पाठवला आणि तो दिल्लीच्या विमानतळावर अडकला. तो सोडवायला त्यांनी 207 वेळा पैसे पाठवले, 27 वेगवेगळ्या खात्यांवर, आणि एकूण रक्कम चार कोटींच्या घरात गेली. चार कोटींत केवढे आयफोन येतील याचा हिशोब करून हसणारे पुष्कळ भेटले. ते एक विसरतात. पहिले पस्तीस हजार फोनसाठी भरले जातात, त्यानंतरचा प्रत्येक रुपया आधी गेलेले वाचवायला. बोअर मारणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दोनशे फुटांवर पाणी नाही लागलं म्हणून कुणी थांबतो का? मशीन आलंच आहे तर आणखी पन्नास फूट बघू.

धंदा तसा नवा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या लोकांना पत्रं येत. स्पेनच्या तुरुंगात एक श्रीमंत कैदी आहे, त्याच्या सुटकेला थोडी मदत करा, पुरलेल्या धनात वाटा मिळेल. बहुतेक कैद्यांना एक देखणी मुलगीही असे. म्हणजे डॉक्टरची ती "मॉम" म्हणणारी लेक चांगली सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. फसवणूक करून घेण्यात आमचा भाग मुळीच प्रसिद्ध नाही. सारंगखेड्याला तापीकाठी, दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. लांबलांबच्या राज्यांतून घोडे येतात. तिथं आमचा माणूस घोडा कसा घेतो ते उभं राहून बघण्यासारखं असतं. आधी जबडा उघडून दात बघतो, म्हणजे वय कळतं. मग अंगावरचे भोवरे, कोणता कुठं आहे, धन्याला लाभेल की खाईल. मग खूर उचलून बघतो, चालवून बघतो, पळवून बघतो. विकणाऱ्याच्या शेजारी उतरलेल्या माणसाला विडी देऊन हळूच विचारतो की हा रात्री खोकतो का. एवढं झाल्यावर "बघू" म्हणून चहाला निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी निम्मा भाव सांगत परत येतो. हाच माणूस मोबाइलवर जन्माचा सोबती निवडताना एक फोटो बघतो, तोही विकणाऱ्यानेच दाखवलेला. दात फोटोत दिसतात. फार सुंदर असतात.

घासाघिशीचं तर विचारूच नका. नंदुरबारच्या बाजारात मिरचीच्या किलोमागे दोन रुपयांसाठी अर्धा तास वाद घालणारे आम्ही, कस्टमच्या मॅडमने पस्तीस हजार म्हटलं की पस्तीस हजार पाठवतो. एकदा तरी विचारून बघा, "मॅडम, काही कमी-जास्त?" यात मोठी परीक्षा आहे. खरं सरकारी शुल्क पै-पैशात ठरलेलं असतं, ते मागायला कुणी गोड बोलत नाही आणि सोडायला कुणी राजी नसतं. खोटी मॅडम मात्र दोन मिनिटं साहेबांशी बोलल्याचं नाटक करते आणि सांगते, "ठीक आहे, आत्ता पंधरा टाका, बाकीचे उद्या." भारत सरकारचा कर उधारीवर मिळायला लागला की समजावं, पलीकडे सरकार नाही.

आता खरं सरकार काय म्हणतं तेही ऐका, कारण ते जास्त विनोदी आहे. परदेशातून "भेट" म्हणून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या वस्तूंना पूर्वी थोडी करमाफी होती. डिसेंबर 2019 मध्ये ती बंद झाली. अपवाद दोनच ठेवले, जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीबरोबर भेटवस्तू असेल तर तीसुद्धा चालत नाही, नुसती राखी. बाकी काहीही येऊ द्या, त्यावर पूर्ण शुल्क. म्हणजे सातासमुद्रापलीकडून मायेने पाठवावी अशी एकच वस्तू कायद्याने शिल्लक ठेवलीय, आणि नेमकी तीच हा डॉक्टर तुम्हाला जन्मात पाठवणार नाही.

शुल्क असतंच, मग मॅडम खोटं काय बोलली, असं कुणी म्हणेल. शुल्क असतं, पण ते भरायची रीत असते. टपालाने आलेल्या पार्सलावरचं शुल्क पोस्टमन दारात घेतो आणि पावती देतो. कुरिअर कंपनी असेल तर तिचं रीतसर बिल असतं. कस्टमवाले कुणाच्या खासगी बचत खात्यात पैसे टाकायला सांगत नाहीत, फोन पे करायला सांगत नाहीत. त्यांच्या मंडळाने हे लोकांना वारंवार सांगितलेलं आहे. त्यांच्या पत्रावर डिन नावाचा ओळख क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर खरा-खोटा बघता येतो. रिझर्व्ह बँक तुमच्या-माझ्यासारख्यांचं बचत खातं ठेवत नाही, त्यामुळे तिच्याकडे अडकलेले पौंड सोडवायचा प्रश्न येत नाही. आणि परदेशी पाहुणा खिशात डॉलर घेऊन उतरला तर त्यावर कसला दंड नाही. नोटा 5,000 डॉलरपेक्षा जास्त किंवा सगळं मिळून 10,000 डॉलरपेक्षा जास्त असेल तर एक फॉर्म भरून जाहीर करायचं, एवढंच. तो फॉर्म भरायला कळसाडीहून पैसे मागवावे लागत नाहीत.

या सगळ्यात ठगाची एक अट मात्र प्रत्येक वेळी असते. "हे आपल्या दोघांतच ठेव." या अटीला तो सरप्राइज म्हणतो. त्याला गावाची धास्ती आहे, आणि ती रास्तच आहे. आमच्याकडे कुणी अनोळखी पोरगा मोटारसायकलवरून गावात शिरला तर ओट्यावरची म्हातारी त्याला थांबवून विचारते, "कोना पोऱ्या शे तू?" अहिराणीतल्या या एका प्रश्नात नाव, गाव, भाऊबंद, जमीन आणि मामाचं गाव एवढं सगळं येतं, आणि समाधान झाल्याशिवाय ती वाट सोडत नाही. सोयरिकीच्या वेळी तर पाहुण्यांच्या गावी जाऊन पानटपरीवर चौकशी होते. लंडनच्या डॉक्टरला या म्हातारीपुढे पाच मिनिटं बसवा. हॉस्पिटल, डिग्री, पौंड सगळं सोडून तो पळत सुटेल. तिला पौंडाचं कौतुक नसतं, तिला त्याच्या आईचं माहेर हवं असतं.

ओळखपत्राचं म्हणाल तर देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच जिल्ह्यात दिलं गेलं, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला, 29 सप्टेंबर 2010 रोजी, खुद्द पंतप्रधानांच्या हजेरीत. तेव्हापासून रेशन, बँक, पीकविमा, सिमकार्ड, जिथं जाऊ तिथं आम्ही अंगठा देतोय. स्वतःच्या पैशांसाठी स्वतःच्या बँकेत तीनदा ओळख पटवणारी माणसं आम्ही, अनोळखी माणसाला पैसे देताना त्याची ओळख एकदाही मागत नाही. आणि मागितली तर मिळतेही, त्यावर जाऊ नका. पासपोर्टचा फोटो, कस्टम अधिकाऱ्याचं ओळखपत्र, सगळं चकाचक छापून येतं. हल्ली व्हिडिओ कॉलवर दुसऱ्याचा हलता-बोलता चेहराही दाखवता येतो.

आता एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. हे पैसे जातात कुठं? लंडनला तर नाहीच. पोलिसांनी आजवर पकडलेले पुष्कळसे "परदेशी डॉक्टर" दिल्ली आणि आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत सापडले. पण पैसे त्यांच्याही नावावर जात नाहीत. ते जातात कुणा मजुराच्या, विद्यार्थ्याच्या, बेरोजगार पोराच्या बचत खात्यात. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, "तुझं खातं नाहीतरी रिकामंच आहे. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला काहीतरी देत जाऊ." पोराला वाटतं, खोली भाड्याने द्यावी तसं हे आहे. पोलिस माग काढत येतात ते आधी याच पोराच्या दारात. खातं गोठतं, त्यात आलेले कापसाचे किंवा मजुरीचे पैसेही अडकतात, आणि डॉक्टर तोवर दुसरं सिम घालून आणखी कुणाला तरी जेवलीस का विचारत असतो. तुमच्या ओळखीत कुणी असं खातं दिलं असेल तर आजच्या आज त्याला बँकेत नेऊन ते बंद करायला लावा. खोटी ओळख घेऊन मोबाइल-संगणकावरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 डीखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ज्याच्या खात्यातून पैसा फिरला त्यालाही मला माहीत नव्हतं म्हणून लगेच सुटता येत नाही.

आणि पैसे गेलेच तर? तर गप्प बसणं हे सगळ्यांत महाग. 1930 हा केंद्र सरकारचा मदत क्रमांक आहे. पैसे गेल्याबरोबर तिथं कळवलं तर ते ज्या खात्यातून ज्या खात्यात पळताहेत तिथल्या बँकांना सांगून वाटेतच अडवता येतात. एकदा कुणी एटीएममधून ते काढून नेले की मागे खोळंबलेला कागद तेवढा उरतो. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार देता येते, जवळच्या पोलिस ठाण्यातही. चॅट पुसू नका. लाजेने पहिली गोष्ट माणूस तीच करतो आणि पुरावा स्वतःच्या हाताने घालवतो. आणि तक्रार झाल्यावर पंधरा दिवसांनी "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त फाइलची फी भरा" असा वकिलाचा किंवा सायबर अधिकाऱ्याचा फोन आला, तर नमस्कार करून ठेवून द्या. बहुतेक वेळा ती आपली जुनी मॅडमच असते, फक्त खातं बदललेलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात कधी असं घडलं, आई, काका, मावशी, धाकटा भाऊ, कुणीही रडवेला होऊन समोर आला, तर "असं कसं केलंस?" हा प्रश्न कृपा करून दोन दिवस पुढे ढकला. आधी विचारा, "पैसे किती वाजता पाठवलेस?" आणि त्याच्याच फोनवरून 1930 लावा.